धंदा तिप्पट झाला, पण पैसा कुठं गेला?

अभ्यास लेख : मोटारसायकल इंजिनच्या सुट्या भागांचा धंदा भरभर वाढतो तेव्हा काय सांभाळायचं



गटाच्या कर्जाची वही उघडली की शेळ्या, म्हैस, शिलाई मशीन, किराणा, गिरणी ही कारणं आपल्याला पाठ असतात. आता त्यात गॅरेज आणि स्पेअर पार्टचं दुकान ही कारणंही यायला लागली आहेत. गावोगाव मोटारसायकली आहेत. दूध घालायला, रानात जायला, पोरांना शाळेत सोडायला, तुळजापूरला दर्शनाला गाडीच लागते. गाडी जुनी झाली की इंजिनचं काम निघतं, म्हणजे पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, क्लच प्लेट, ऑइल सील, गॅस्केट हे सगळं लागतं. म्हणून हा धंदा चालतो, आणि एकदा नाव झालं की भरभर वाढतो.

अडचण इथंच सुरू होते. दुकान बहुतेक घरी मालक नाहीतर मुलगा बघतो. कर्ज मात्र ताईच्या नावावर असतं आणि परतफेडीची जबाबदारी गटातल्या दहाजणींपुढं ताईनंच घेतलेली असते. दुकानात गर्दी आहे, विक्री वाढली आहे, तरी हप्त्याच्या दिवशी हातात पैसा नाही, असं झालं की सगळे विचारतात, "एवढा धंदा चालतो, मग पैसा जातो कुठं?" घरात संशय, गटात कुजबुज. खरं तर पैसा कुणी खाल्लेला नसतो. तो धंद्यातच अडकलेला असतो. तो कसा अडकतो आणि कसा मोकळा करायचा, एवढंच आज शिकायचं आहे.

१. आधी एक हिशोब करू

हे उदाहरण समजण्यापुरतं धरलेलं आहे. वही-पेन घ्या आणि सोबत मांडा.

एका ताईच्या दुकानाची महिन्याची विक्री १,००,००० रुपये आहे. त्यातली मालाची खरेदी किंमत ८०,०००. भाडं, लाईट, कामाचा पोरगा मिळून खर्च १०,०००. उरला नफा १०,०००.

आता दुकानात अडकलेला पैसा मोजू.

- दुकानात दोन महिने पुरेल एवढा माल आहे : १,६०,०००
- निम्मी विक्री उधार, आणि उधारी दोन महिन्यांनी येते : १,००,०००
- होलसेलवाला एक महिना थांबतो, म्हणजे त्याचे आपल्याकडं : ८०,०००

माल आणि उधारी मिळून २,६०,०००. त्यातून होलसेलवाल्याचे ८०,००० वजा करा. राहिले १,८०,०००. एवढा पैसा आपल्या घरचा आणि गटाचा मिळून धंद्यात अडकलेला आहे.

आता आजूबाजूच्या गावांतले मिस्त्री या दुकानातून माल न्यायला लागले. तीन महिन्यांत विक्री तिप्पट झाली, महिन्याला ३,००,०००. सगळे खूश. पण धंद्याची रीत तीच राहिली, म्हणजे दोन महिन्यांचा माल आणि दोन महिन्यांची उधारी. मग अडकणारा पैसाही तिप्पट होतो : ५,४०,०००. म्हणजे वरचे ३,६०,००० रुपये नव्यानं लागले.

ते येणार कुठून? तिप्पट विक्रीवर मालातून ६०,००० सुटतात. मोठा गाळा आणि दुसरा पोरगा धरून खर्च २५,००० झाला, नफा उरला ३५,०००. तीनही महिने पूर्ण ३५,००० धरले तरी १,०५,००० होतात. धंदा वाढला म्हणून घरखर्चाला महिना १५,००० काढले, तर हातात राहिले ६०,०००. लागणार होते ३,६०,०००. कमी पडले ३,००,०००.

ताईंनो, इथं तोटा कुठंच नाही. प्रत्येक महिन्याला नफा आहे, तरी तीन लाख कमी. ही तूट भरायला मग मायक्रोफायनान्सचं कर्ज, सोनं गहाण, पाहुण्यांकडून हातउसने सुरू होतात. पुष्कळ चांगले धंदे तोट्यापेक्षा वाढीच्या घाईनं अडचणीत येतात, ते असे.

२. तुमचा आकडा काढा

वरच्या उदाहरणात १,००,००० विक्रीला १,८०,००० अडकले. म्हणजे विक्री १०,००० नी वाढवायची तर १८,००० रुपये आधी घालावे लागतात. हा आकडा प्रत्येक दुकानाचा वेगळा असतो. काढायची रीत सोपी आहे : दुकानातला माल (खरेदी किमतीनं) अधिक येणं उधारी, वजा होलसेलवाल्याचं देणं. जे येईल त्याला महिन्याच्या विक्रीनं भागा आणि १०,००० नी गुणा. हा आकडा माहीत नसेल तर दुकान वाढवायचा निर्णय घेऊ नका.

आता याच उदाहरणात दोन गोष्टी बदलू. दुकानात दोनऐवजी एक महिन्याचा माल ठेवला, आणि उधारी दोनऐवजी एका महिन्यात वसूल केली. विक्री ३,००,०००च आहे. माल २,४०,०००, उधारी १,५०,०००, होलसेलवाल्याचे २,४०,०००. अडकलेला पैसा फक्त १,५०,०००.

पुन्हा वाचा. विक्री तिप्पट झाली, आणि अडकलेला पैसा आधीच्या १,८०,००० पेक्षाही कमी झाला. १०,००० विक्री वाढवायला आता १८,००० नाही, ५,००० पुरतात. नवं कर्ज काढायच्या आधी माल आणि उधारी या दोन वह्या नीट करायच्या, त्या कारण एवढंच.

३. मालाची वही : पळणारा, चालणारा, झोपलेला

इंजिनच्या भागांत माल फार लवकर साठतो. पिस्टनचंच बघा. सिलिंडर झिजला की बोअर करून मोठा करतात आणि मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. म्हणून एका गाडीच्या पिस्टनची मूळ माप धरून पाच मापं होतात : मूळ, पाव मिलिमीटर मोठं, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर मोठं. दहा प्रकारच्या गाड्या धरल्या तर पन्नास प्रकार झाले. प्रत्येकी दोन नग ठेवले तर शंभर नग, आणि एका नगाला सरासरी ७०० रुपये धरले तर नुसत्या पिस्टनमध्येच ७०,००० गेले! त्यातले निम्मे वर्षभर डब्यातून बाहेर निघत नाहीत.

म्हणून एका रविवारी दुकान बंद ठेवून सगळा माल मोजा आणि तीन वाटे करा.

पळणारा माल : दर आठवड्याला विकला जातो. ऑइल, स्पार्क प्लग, क्लच प्लेट, आपल्या भागात जास्त दिसणाऱ्या दोन-तीन गाड्यांची पिस्टन-रिंग. हा कधी संपू द्यायचा नाही.

चालणारा माल : महिन्यातून एखाद-दोन नग जातात. एकेकच ठेवायचा, विकला की दुसरा मागवायचा.

झोपलेला माल : सहा महिन्यांत एकदाही हललेला नाही. याची यादी करा. होलसेलवाला बदलून देतो का विचारा. देत नसेल तर खरेदी किमतीला मोकळा करा. क्वचित लागणारा भाग गिऱ्हाईकाकडून आगाऊ पैसे घेऊन सोलापूर, लातूर किंवा पुण्याहून मागवून देता येतो. एक दिवस उशीर होतो, पण पैसा झोपत नाही.

झोपलेल्या मालाचा धोका नुसता व्याजाचा नसतो. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्या बीएस-६ नियमाच्या आल्या आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. जुन्या गाड्या आहेत तोवर कार्बोरेटरचे भाग खपतील, पण वर्षागणिक कमीच. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. ज्या छोट्या दुकानदारांची जीएसटी नोंदणी नव्हती आणि ज्यांनी जुन्या दरानं भरपूर माल भरून ठेवला होता, त्यांना भरलेला जादा कर परत मिळायची सोय नव्हती, आणि बाजारात भाव उतरला. ज्यांच्याकडं माल कमी, त्यांचं नुकसान कमी.

आता 'स्कीम'बद्दल. होलसेलवाला म्हणतो, दहा नग घ्या, एक फुकट. ऐकायला गोड वाटतं. अकरा नग दहाच्या किमतीत, म्हणजे शंभराला साधारण ९ रुपयांचा फायदा. पण गटाचं कर्ज महिना २ टक्क्यांनी घेतलं असेल आणि तो माल पाच महिने पडून राहिला, तर १० रुपये व्याज गेलं. फुकटचा नग व्याजातच संपला. स्कीम फक्त पळणाऱ्या मालावर घ्यायची.

४. उधारीची वही : "सोयाबीन निघालं की देतो"

आपल्या जिल्ह्यात उधारी बंद करा म्हणणं सोपं, करणं अवघड. इथला पैसा हंगामावर चालतो. सोयाबीन विकलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरला लोकांच्या हातात पैसा येतो. भूम, वाशी, कळंब भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं हंगाम संपल्यावर परततात, तेव्हा त्यांच्याकडून वसुली होते. मधल्या काळात गाडी बंद पडली तर माणूस उधारीवरच येणार. म्हणून उधारी द्या, पण नियमानं.

पहिला नियम : प्रत्येक मिस्त्रीची मर्यादा ठरवा. समजा ५,००० रुपये. मर्यादा भरली की जुनं दिल्याशिवाय नवीन माल नाही. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी तोंड वाईट करावं लागत नाही. "दादा, वहीत बसत नाही, थोडे जमा करा आणि घेऊन जा," एवढं म्हटलं की पुरे.

दुसरा नियम : उधारी द्यायची मिस्त्रीला, त्याच्या गिऱ्हाईकाला नाही. मिस्त्री आपल्याकडं रोज येतो, त्याचं गिऱ्हाईक आपल्याला ओळखतही नाही.

तिसरा नियम : तारीख, भागाचं नाव, रक्कम आणि घेणाऱ्याची सही. सहीशिवायची उधारी भांडणाला कारण होते.

चौथा नियम : रोखीला गोडी लावा. रोख देणाऱ्याला शंभराला दोन रुपये सूट दिली तरी परवडतं, कारण तोच पैसा महिन्यात पुन्हा फिरतो.

पाचवा नियम खास ताईंसाठी : दर शनिवारी उधारीची वही तुम्ही स्वतः बघायची. दुकानात बसत नसलात तरी. कर्ज तुमच्या नावावर आहे, तेव्हा वही बघणं हा तुमचा हक्क आहे. त्यात कुणावर अविश्वास नाही. आणि दुकानाचा क्यूआर कोड दुकानाच्याच बँक खात्याला जोडा. घरच्या खात्यात दुकानाचा पैसा आला की तो घरखर्चात मिसळतो आणि हिशोब लागत नाही.

५. वाळूजची गोष्ट : दोन भाऊ, दोन धडे

मोटारसायकलच्या भागांचा धंदा कसा वाढतो याचं मोठं उदाहरण आपल्याच मराठवाड्यात आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना औरंगाबादजवळ वाळूजला सुरू झाला. औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. त्याच सुमारास अनुरंग आणि तरंग जैन या जुळ्या भावांनी तिथं बजाजला ॲल्युमिनियमचे ओतीव भाग पुरवायला सुरुवात केली. राहुल बजाज हे त्यांचे मामा. आपल्याला असा मामा नसतो, हे खरं. पण पुढं दोघांच्या धंद्यांत जे घडलं त्यातून आपल्याला शिकता येतं.

अनुरंग जैन यांची कंपनी एन्ड्युरन्स. एकाच गिऱ्हाईकावर सगळा धंदा उभा असला की ते गिऱ्हाईक शिंकलं तरी आपल्याला ताप येतो. एन्ड्युरन्सनं हळूहळू हिरो, होंडा, यामाहा, रॉयल एनफिल्ड यांनाही माल द्यायला सुरुवात केली आणि ओतीव भागांच्या जोडीला शॉकअप, क्लच, ब्रेक बनवले. २०१६ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले.

तरंग जैन यांची कंपनी व्हॅरॉक. तीही मोठी झाली. २०१२ मध्ये तिनं व्हिस्टिऑन या अमेरिकन कंपनीचा गाड्यांच्या दिव्यांचा धंदा विकत घेतला. एका उडीत धंदा अनेक देशांत पसरला. पुढं परदेशात नवे कारखाने उभे केले, त्यात पैसा गुंतला, मग कोविड आला, चिपचा तुटवडा आला आणि तोटा वाढत गेला. शेवटी २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेतला तो दिव्यांचा धंदा एका फ्रेंच कंपनीला विकावा लागला. इथला धंदा राहिला, कंपनी टिकली.

आपल्यासाठी धडे दोन. एक : कुणा एकाच मिस्त्रीवर किंवा एकाच कारखान्यावर दुकान उभं करू नका. एकाच गिऱ्हाईकाकडून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त विक्री होत असेल तर दुसरी गिऱ्हाईकं शोधायला लागा. दोन : मोठी उडी घेताना वाईट वर्ष आलं तर किती महिने तग धरू, हे आधी मोजा. एवढ्या मोठ्या कंपनीलाही मागं यावं लागलं. आपण दुसरं दुकान उघडण्याआधी पहिल्या दुकानात तीन महिन्यांचा खर्च आणि हप्ते शिल्लक असायला हवेत.

६. वाढताना कागद आणि कर्ज

जीएसटी : फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. पण दुकानात फिटिंग किंवा बोअरिंगची मजुरीही घेत असाल, तर मर्यादा २० लाखांची. महिना ३ लाख विक्री म्हणजे वर्षाला ३६ लाख. नुसता माल विकणारी ताई मर्यादेच्या आत, मजुरी घेणारी ताई केव्हाच बाहेर. विक्री वाढायला लागली की लगेच कर सल्लागाराला भेटा, नोटीस यायची वाट बघू नका.

उद्यम नोंदणी : ऑनलाइन, मोफत. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. लेथवर भाग बनवून किंवा जॉबवर्क करून कारखान्याला देणाऱ्या ताईंना याचा मोठा उपयोग आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावंच लागतं, करार लेखी नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज मागता येतं. लक्षात ठेवा, नुसता माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी करता येते, पण बिलाच्या मुदतीचा हा फायदा त्याला मिळत नाही.

कर्ज : जसं काम तसं कर्ज. बोअरिंग मशीन वर्षानुवर्षं कमावतं, त्याला तीन-पाच वर्षांचं मुदत कर्ज. माल येतो-जातो, त्याला बँकेची सीसी मर्यादा, वापरू तेवढ्यावर व्याज. मुद्रा योजनेत शिशू ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत आणि तरुण १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. सगळ्यात वाईट म्हणजे आठवड्याच्या हप्त्याचं मायक्रोफायनान्स कर्ज काढून सहा महिने झोपणारा माल भरणं. माल विकायच्या आधी पंचवीस-सव्वीस हप्ते जातात.

मालाचा दर्जा : गर्दी वाढली की चुका वाढतात. पोरानं चुकीच्या मापाची रिंग दिली, गाडी महिन्यात धूर सोडायला लागली, तर मिस्त्री दुकानाचं नाव सांगतो. म्हणून बिलावर गाडीचं मॉडेल आणि माप लिहा. आणि नामी कंपनीच्या डब्यातला नकली माल कितीही स्वस्त मिळाला तरी ठेवू नका. तो गुन्हा आहे, आणि इंजिन बसलं की नावही बसतं.

७. धोक्याची घंटा

यातलं एक जरी दिसलं तर नवी खरेदी थांबवा, आधी वसुली करा.

- होलसेलवाल्याचं देणं दुसऱ्या कर्जातून दिलं.
- गटाची बचत किंवा हप्ता दोन वेळा लांबला.
- विक्री वाढली, पण उधारी विक्रीपेक्षा जास्त वेगानं वाढली.
- दुकानात माल भरपूर, तरी रोज लागणारा भाग "संपला" म्हणून गिऱ्हाईक परत जातं.
- घरात कुणालाच नेमकं येणं किती, देणं किती ते सांगता येत नाही.

बैठकीत करायचा अभ्यास

या महिन्याच्या बैठकीत अर्धा तास काढा. गॅरेज, स्पेअर पार्ट, किराणा, कापड, कुठलाही खरेदी-विक्रीचा धंदा असलेल्या ताईनं तीन आकडे आणायचे : दुकानातला माल, येणं उधारी, होलसेलवाल्याचं देणं. सचिव ताईंनी फळ्यावर मांडून प्रत्येकीचा "१०,००० विक्रीला किती लागतात" हा आकडा काढायचा. मग प्रत्येकीनं एकच गोष्ट ठरवायची : झोपलेल्या मालातून किती मोकळे करणार, किंवा कुणाकडून किती वसूल करणार. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच तीन आकडे आणायचे.

गटानं नवं कर्ज मंजूर करतानाही हाच आकडा विचारा. ज्या ताईचा आकडा १८,००० वरून १२,००० वर आला, तिला कर्ज द्यायला घाबरायचं कारण नाही. आणि जिचा आकडा वाढतच चालला आहे, तिला नवं कर्ज देणं म्हणजे तिला मदत नाही. तिच्याबरोबर एक शनिवार उधारीची वही घेऊन बसणं ही तिची खरी मदत.